मागचा माणूस

सफाईवालीचा हात असा, की तिनं फोटोतून काढलेली वस्तू तिथं मुळात होती, हे ब्रह्मदेवालाही पटवता आलं नसतं. हे नाव तिला स्टुडिओच्या मालकांनी थट्टेनं दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नवरीच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, बाळामागची दोरीवरची चड्डी, साहेबांच्या खांद्यामागून डोकावणारा कुणाचा तरी कान, सगळं तिच्या हाताखाली गुल व्हायचं. "ज्याचा फोटो, तोच दिसला पाहिजे," असं मालक दिवसातून दहादा म्हणायचे. पंधरा वर्षं तिनं ते ऐकलं होतं आणि पंधरा वर्षं तसंच केलं होतं.

मंगळवारी सकाळी तिचे वडील घरातून निघून गेले.

अण्णा म्हणजे त्याच स्टुडिओतले जुने दिवेवाले. फोटोच्या वेळी पांढरी छत्री उंच धरून उजेड नवरा-नवरीच्या तोंडावर पाडायचा, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. दर फोटोआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मी येत नाही ना मध्ये?" सहा वर्षांपूर्वी ते घरी बसले आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. जेवलो का, हे आठवायचं नाही. मुलीला कधी ताई म्हणायचे, कधी बाई. आई आंघोळीला गेली, दाराची कडी काढायला कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती, आणि म्हातारा सटकला.

त्यांना रोज दोन वेळा साखरेचं इंजेक्शन लागायचं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "दोन दिवस कसेबसे निघतील. तिसऱ्या दिवसाचं मी काही बोलत नाही."

चौकीतल्या हवालदारांनी फोटो मागितला, आणि इथंच घोडं अडलं. फोटोवाल्यांच्या घरात माणसाचा फोटो नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॅमेरा दिसला की अण्णा सवयीनं बाजूला व्हायचे. तिच्या मोबाइलमध्ये त्यांचा कोपर होता, पाठ होती, दारामागून निघालेलं अर्धं पाऊल होतं. समोरून काढलेला एकच फोटो होता. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आईनं दटावून त्यांना खुर्चीत बसवलं होतं, तो. मूळ फोटो तिनं ठेवलाच नव्हता, कारण त्यात अण्णा फार थकलेले दिसत होते. ठेवला होता तो तिनं सजवलेला, घरी भिंतीवर लावलेला.

आणि काय सजवला होता! डावी पापणी अर्धी मिटलेली असायची, ती उघडली होती. गालावर दिव्याचा जुना चटका होता, तो पुसला होता. टाळूवर केस आले होते, पाठीचं पोक गेलं होतं, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी काळा कोट चढला होता. मागची भिंत धूसर केली होती आणि चेहऱ्यावर उजेड वाढवला होता. तोच फोटो तिनं पोस्टरवर टाकला, वर आणखी थोडा उजळला, म्हणजे लांबून नजरेत भरावा. काम चोख झालं. सवय मोठी वाईट असते.

बुधवारी सकाळी ती पोस्टर घेऊन वणवण हिंडली. बसथांबा, बाजार, दवाखान्यांची दारं, सगळं पालथं घातलं. मोठ्या बागेतही गेली, कारण स्टुडिओचे बाहेरचे फोटो तिथल्या कारंज्यापाशीच निघायचे आणि अण्णांची निम्मी जिंदगी त्या कारंज्याभोवती गेली होती. बागेच्या रखवालदारानं पोस्टर जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"छे हो," तो म्हणाला. "असे रुबाबदार साहेब आले असते, तर मी विसरलो असतो का?"

तिनं कारंज्याला एक फेरी मारली, दोन हाका मारल्या आणि पुढच्या रस्त्याला लागली.

दुपारी पोस्टरं संपली म्हणून ती स्टुडिओत आली. छपाईचं मशीन सुरू झालं, तसे मालक जवळ येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. तेही सकाळपासून चार ठिकाणी जाऊन आले होते.

"मला तोंड नाही सांगायला," ते म्हणाले, "पण मशीन चालतंय तोवर तेवढे दोन फोटो करशील? कालचं जोडपं आहे, लग्नाच्या आधीचे फोटो. पोरगी केव्हाची दारात बसून आहे. मला म्हणते, मागची घाण काढून द्या."

ती बसली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा असं काम हाताला आलं होतं, जे करता येत होतं. फोटोबरोबर चिठ्ठी होती: झाड हिरवं करा, ओढणी उजळा, मागचा माणूस काढा. तिनं झाड हिरवं केलं, ओढणी उजळली. मागच्या माणसाभोवती एक गोल फिरवला, शेजारची पानं उचलून वर पसरली, आणि माणूस गेला. अशा वेळी माणसाकडे कुणी बघत नाही. बघायची असते ती कड. कड जुळली की झालं. सारं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. मग पोस्टरांचा गठ्ठा उचलून ती परत उन्हात गेली.

एकही फोन आला नाही.

गुरुवारी सकाळी आईनं पोस्टर पहिल्यांदा हातात घेतलं. दोन दिवस ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती, जेवण नाही, झोप नाही. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिलं.

"हा कोण गं?"

"आई, असं काय करतेस? अण्णा!"

"हे?" आईनं कागद उलटा करून पाहिला, जणू खरा नवरा मागच्या बाजूला असेल. "हा ह्यांचा धाकटा भाऊ शोभेल. तोही पैसेवाला. अगं, भिंतीवर ठीक होतं, माझीही हौस झाली. पण ह्यांचा डोळा कुठाय? तो मेला चटका कुठाय? मी पन्नास वर्षं ज्या तोंडाकडे बघून चहा प्याले, ते तोंड तू कुठं ठेवलंस?"

दोन दिवस सगळं गाव एका कोटातल्या साहेबाला शोधत होतं. तो कुठंच नव्हता. तो तिनं बनवला होता.

ती स्टुडिओकडे पळाली. कॉम्प्युटरपुढे बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं: अण्णा फोटोत यायचे नाहीत हे खोटं. यायचे. रोज यायचे. कडेला, कोपऱ्यात, छत्रीसकट. तिनंच तर त्यांना काढलं होतं, शेकडो फोटोंतून, त्यांच्यादेखत, हसत हसत. "अण्णा, आज परत आलात हो मध्ये!" "काढ बाई, काढ," म्हणायचे. पण कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो मालक वर्षानुवर्षं जपून ठेवायचे. त्यातला एखादा घ्यायचा, नवरा-नवरी कापून टाकायची, अण्णांना मोठं करायचं, त्यांच्यावर उजेड टाकायचा. बाकी काही करायचं नाही. त्यांच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.

तिनं मूळ फोटोंचा कप्पा उघडला. सगळ्यात नवं काम सगळ्यात वर होतं, मंगळवारचं. कारंजं, ओढणी, हसणारी पोरगी. ते ओलांडून ती खाली जाणार, तेवढ्यात तिचा हात थांबला.

झाड अजून हिरवं केलेलं नव्हतं. झाडापुढे मागचा माणूस उभा होता.

त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर धरले होते, मुठी आवळून. हातात काहीच नव्हतं. स्वेटरची बटणं एकेक घर चुकवून लावलेली, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात घरातली सपात. डावी पापणी अर्धी मिटलेली. हात किंचित कलते धरले होते, उजेड बरोबर पोरीच्या तोंडावर पडावा तसे.

"अगं आई गं!" ती एवढ्यानं ओरडली की मालक आतून धावत आले. मागोमाग नवा फोटोग्राफर आला. तो कामाला लागून दोनच महिने झाले होते. अण्णांना त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

"हा म्हातारा?" तो म्हणाला. "ताई, ह्यानं वैताग आणला होता मला. चारदा बाजूला केला, चारदा परत. तुम्हीच काढलात ना काल ह्याला? इतका झकास निघाला, की..." मालकांनी त्याचा दंड दाबला.

काढला होता. तिनंच काढला होता. बुधवारी दुपारी, बागेतून आल्याआल्या, इंजेक्शनाविना दुसरा दिवस चालू असताना, तिचा बाप तिच्या डोळ्यांपुढे हात वर करून उभा होता आणि तिनं त्याच्यावर पानं पसरली होती. फोटो मोबाइलमध्ये घेऊन ती रस्त्यावर आली आणि मालकांनी गाडी काढेपर्यंत अर्धं अंतर पळत गेली होती.

रखवालदारानं मोबाइलकडे एक नजर टाकली, पुरती नव्हेच.

"हे होय! अहो, हे तर परवापासून इथंच. कारंज्यापाशी हात वर करून उभे राहायचे. फोटोवाले ओरडले की मी हाकलायचो, मग झाडीत जाऊन बसायचे आणि जरा वेळानं परत. काल तुम्ही आलात तेव्हाही..." तो थांबला. "पण काल तुम्ही तर कुणी साहेब शोधत होतात ना, बाई?"

"आत्ता कुठं आहेत?"

"सकाळी पडलेले सापडले, बाकाखाली. सरकारी दवाखान्याची गाडी घेऊन गेली."

दवाखान्याच्या वहीत "अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर" असं लिहिलं होतं. त्याच काउंटरच्या मागे तिचं पोस्टर चिकटवलेलं होतं, कोटातले साहेब वहीकडे बघत छान हसत होते. नर्सनं तिच्याकडून नाव लिहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "साखर फार चढलीय. मध्येच शुद्धीवर येतात, मध्येच जातात. संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. एकेकानं आत जा."

कॉट खिडकीपाशी होती. ती पायथ्याशी जाऊन उभी राहिली, तसा खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर आला. अण्णांनी उजवा डोळा उघडला, डावा अर्धा. त्यांनी तिला नीट न्याहाळलं, आधी चेहरा, मग उजेड कुठून येतोय ते. सलाइनची नळी लावलेला हात वर उचलायला लागले.

"बाई," ते म्हणाले. ओठ पार सुकले होते. "मी येत नाही ना मध्ये?"

"येताय, अण्णा," ती म्हणाली. "तुमचाच फोटो आहे. हलू नका."

त्यांना ते पटलं नाही. ते अंग चोरून कॉटच्या कडेकडे सरकायला लागले, आणि तिनं त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं.