खाली न येणारा दगड

“वहिनी, हे तुम्ही सोडवलंत?” वही खिडकीपाशी धरून दिराने विचारलं.

“मग कोण सोडवणार?”

“तसं नाही. एकदम बरोबर आलंय, म्हणून विचारलं.”

दीर क्लासमध्ये गणित शिकवायचा. पुस्तक उलटून त्याने शेवटच्या पानांवरची उत्तरं चाळली आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले.

ती दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस होती. हाडं दिसतात आणि मांस का दिसत नाही, हे तिने कितीतरी जणांना विचारलं होतं. शेवटी चाळिशीत तिने भौतिकशास्त्र शिकायचं मनावर घेतलं. संध्याकाळच्या कॉलेजात जागा मिळायची तर आधी गणिताची चाचणी होती, आणि गणित तिने शाळेतच सोडलं होतं. म्हणजे सोडायला लावलं होतं. एकदा तिला पैकीच्या पैकी मार्क पडले, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “कुणाचं बघून लिहिलंस?” मग तिला फळ्यापुढे उभं केलं. सगळा वर्ग बघत होता. तिचा हात उचललाच गेला नाही. तेव्हापासून उत्तर बरोबर आलं की तिला स्वतःचाच संशय यायचा.

“दुसरं घाला,” ती म्हणाली. “पुस्तकातलं नको. तुमच्या मनाचं.”

दिराने गच्चीवरून वर फेकलेल्या दगडाचं गणित घातलं. दगड जमिनीवर कधी पडेल? आणि तो हाताची घडी घालून तिच्या मागेच उभा राहिला.

तिने सूत्र लिहिलं, आकडे भरले. मग पेन थांबलं. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं. उत्तर तेच.

“राहू द्या वहिनी. दादाला मी आधीच म्हटलं होतं, या वयात उगाच डोक्याला ताप.”

नवऱ्याशी हे बोलणं झालंय, हे तिला माहीत नव्हतं. ती कागदाकडे बघत राहिली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हा दगड खाली येतच नाहीये. वरच चाललाय.”

“म्हणजे?”

“वरची दिशा मी अधिक धरली आणि पृथ्वीची ओढही अधिकच लिहिली. तिथे उणे हवं.”

तिने चिन्ह बदललं आणि खालच्या ओळी पुन्हा केल्या. दगड जमिनीवर आला.

दिराने कागद वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. “चूक मी सांगणारच होतो,” तो पुटपुटला.

“बरं झालं नाही सांगितलीत.”

तो जरा घुटमळला. मग पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, उत्तरांच्या पानांसकट, आणि बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं.

खोलीत आता कुणी बघणारं नव्हतं. तिने पदर सावरला आणि पुढचं गणित वाचायला घेतलं.