तिनाचा एक

“बाई, या मशीनला वाटतंय आपण जगात एकटेच आहोत,” मास्तर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “लॉकिंग एकवर आहे. तीनवर हवं.”

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

रुग्णालयाच्या संगणक-खोलीत आम्ही दोघंच. नव्या माणसाला न रागावता शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मलाही त्यांनीच शिकवलं. दोन मशीन, आणि दोघांत मिळून डिस्कचं एकच कपाट. त्यात रुग्णांचे एक्स-रे, स्कॅन. लॉकिंगचा आकडा तीन असला की एक मशीन दुसऱ्याला विचारल्याशिवाय कपाटातली जागा घेत नसे. एक असला की विचारणंच बंद.

“दोन जावा, एक स्वयंपाकघर,” मास्तर शिकवताना म्हणायचे. “विचारपूस थांबली की भांडी फुटणारच.”

आता फुटली होती. दोन्ही मशीननी एकच रिकामी जागा आपली समजून भरली होती. चार महिन्यांचे स्कॅन गेले होते आणि टेपवरची प्रत त्याआधीची होती. बाहेर बाकावर एक मुलगी आईचा मागचा स्कॅन न्यायला बसली होती. गाठ वाढली की नाही, ते त्यावरून कळणार होतं.

मास्तरांनी मशीनमधली नोंद काढली. “सोळा तारीख, एक वाजून चाळीस मिनिटं. माझ्याच नावाने.” मग हळूच म्हणाले, “पण दीडला मी जेवायला जातो.”

सोळा तारखेला दुसरं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. पहिलं त्याच्या उत्तराची वाट बघत अडून बसलेलं. एक्स-रे विभागातून फोनवर फोन. “झोपलात का तिकडे?” मास्तर लॉगिन तसंच उघडं ठेवून जेवायला गेलेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि तिनाचा एक केला. काम सुरू झालं. दुसरं मशीन आलं की परत तीन करायचं ठरवलं, आणि विसरले.

“बाई, त्या दिवशी मी जेवून लवकर आलो होतो का?”

माझी नोकरी कायम व्हायला अकरा दिवस होते. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला.

“हो,” मी म्हणाले. “आला होतात.”

त्यांनी नोंदीतली वेळ पुन्हा वाचली. “मग मीच केलं असेल. मला काहीच कसं आठवत नाही?”

त्या मुलीला सांगायला तेच बाहेर गेले. साहेबांनाही तसंच लिहून दिलं. साहेबांनी मास्तरांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, तेही त्यांनी सोसलं. पण पुढे ते स्वतःच्या कशाचीच खात्री धरेनात. चहा घेतला का, सही केली का, मला येऊन विचारायचे. “तुमची आठवण पक्की,” म्हणायचे.

ते निवृत्त झाल्यावर एकदा सगळं सांगायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेले. ते फिरायला निघाले होते. कुलूप लावलं, ओढून बघितलं. माझ्याबरोबर जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

“बाई, लावलं ना मी?”

“लावलंत.”

तरी ते कठड्याला धरून परत वर गेले. मी खाली उभी होते. वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा.