नकलीचा ठपका

दिवाळीला माहेरी गेलेली निशिगंधा राळेगावजवळच्या आपल्या सासरी परतली, त्याच दुपारी बैठकीतल्या संगणकासमोर बसली. यवतमाळच्या एका कोचिंग क्लाससाठी ती घरबसल्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. संगणकाचं रूप तिला थोडं वेगळं वाटलं. "अपडेट झालं वहिनी," दीर अमर म्हणाला. पण लिहायचा प्रोग्राम उघडला, तशी वर एक तांबडी पट्टी आली. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचा परवाना अस्सल नाही, तुमची फसवणूक झालेली असू शकते. तिने पट्टी बंद केली. पुन्हा आली.

मागे दिवाणावर सासरे मारोतराव बसले होते. "काय लिवलं हाय ते?" त्यांनी विचारलं.

निशिगंधा तोंड उघडणार, तेवढ्यात अमर बोलून गेला, "माल नकली हाय म्हणते बाबा. कोनंतरी आपल्याले फसोलं."

संगणक लग्नात तिच्या माहेरून आला होता. तिचा भाऊ अतुल यानं स्वतः निवडून, सगळे प्रोग्राम घालून, इथं आणून जोडून दिला होता. मारोतरावांना आणखी काय हवं होतं? लग्नातल्या मानपानावरून त्यांच्या मनात जी अढी बसली होती, तिला आता बोलायला जागा मिळाली.

"पंगतीत आमाले भात थंडा वाढला, तवाच मी ओयखलं व्हतं हे लोक कसे हायेत," ते म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. ती संगणक सुरू करायची आणि मागून आवाज यायचा, "आली का तुह्या भावाची पट्टी?" पानठेल्यावर, कापसाच्या जिनिंगवर, कोणाच्या तेराव्याला गेले तर तिथंही मारोतराव हेच सांगायचे. एकदा तर त्यांनी तिच्यासमोरच तिच्या वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. "पोरगी खरी देल्ली ना जी, का थेबी नकलीच?" असं विचारून स्वतःच हसले. पलीकडून तिचे वडील एवढंच म्हणाले, "काही चूक झाली असन, पाह्यतो." निशिगंधा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

तिचा रागही आधी भावावरच होता. संक्रांतीच्या सुमारास प्रोग्रामने लिहू देणंच बंद केलं. जुनं वाचता येई, नवं अक्षर उमटेना. क्लासच्या सरांनी वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं. त्या दिवशी तिने अतुलला फोन करून वाट्टेल ते सुनावलं.

अतुलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी घरगुती वापराची आवृत्ती टाकली व्हती. तुह्या मेलवर नोंदवली व्हती. प्रोग्रामातल्या खात्याच्या पानावर जाऊन पाह्य, काय लिवलं हाय?"

तिने पाहिलं. तिथं कंपन्यांसाठीची महागडी आवृत्ती होती, आणि नोंदणीत तिच्या नावाऐवजी कसलंतरी परदेशी नाव.

"हे मी टाकलंच नाई," अतुल म्हणाला. "कोनंतरी सगळं पुसून चोरीची कॉपी टाकली. तू दिवाळीत इकडं व्हती, तवा तिथं कोन व्हतं?"

अमर गोठ्यात बैलांना कुटार टाकत होता. निशिगंधा तशीच तिकडे गेली.

"भाऊजी, दिवाळीत संगणक कोनं बिघडवला?"

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. "फुकटचा गेम टाकला, त बंदच पडला. राळेगावच्या एका दुकानातून करून आनला. त्यात काय एवढं?"

"आन माह्या भावाचं नाव कायले घेतलं?"

"बाबानं सोडलं असतं काय मले?" टोपलं आपटून तो जवळ आला. "आयका वहिनी, येत्या रविवारी मले पाह्याले पावने येऊन राह्यले. तोवर तोंड उघडलं त पाह्यजा. या घरात तुमचं कोन आयकते, थे मालूम हाय ना?"

तिला माहीत होतं. संध्याकाळी तिने नवऱ्याला, अक्षयला, सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला. "पावने जाऊ दे. मग मी बोलतो बाबाशी."

"लग्न झालं तवापासून तुमी बोलूनच राह्यले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अतुलने फोनवरून एकेक पायरी सांगितली. चोरीची प्रत तिने काढून टाकली, आपल्या मेलवरून जुनी परत घातली. पट्टी गेली. घरात तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणी माफी मागणार होतं असंही नाही.

रविवारी मुलीचे वडील पंजाबराव आपल्या भावाला घेऊन घाटंजीहून आले. मारोतरावांनी त्यांना विहीर दाखवली, ट्रॅक्टर दाखवला, घरात भरलेला कापूस दाखवला. अमर नवा शर्ट घालून मान खाली घालून मागे फिरत होता. मग सगळे बैठकीत येऊन बसले; अक्षय भिंतीला टेकून उभा राहिला. निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा पंजाबरावांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"काम्पुटर कोन चालवते?"

"थे सुनेच्या माह्यरचं हाय," मारोतराव मांडी ठोकून म्हणाले. "नकली माल. सोयऱ्यानं टोपी घातली आमाले. तुमी जे द्यान थे पाहून द्या म्हंजे झालं."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. निशिगंधाने ट्रे टेबलावर ठेवला.

"नकली नाई थो," ती म्हणाली.

"तू आतमंदी जाय," मारोतराव गुरगुरले.

ती गेली नाही. संगणक सुरू केला, प्रोग्राम उघडला, सगळ्यांना दिसेल अशी बाजूला झाली. "कुठं हाय पट्टी? मी दिवाळीले माह्यरी गेलती, तवा भाऊजीनं बिघडवला, त्यात चोरीची कॉपी टाकून आनली आन नाव माह्या भावाचं घेतलं. तवापासून माह्या बापाले बोल बसून राह्यले. विचारा त्याईले."

पंजाबरावांनी अमरकडे पाहिलं. "खरं हाय काय जी?"

"तसं नाई... थो दुकानवाला..." अमर चाचरला.

"म्हंजे खरं हाय." पंजाबराव अमरलाच म्हणाले. "दिवाळीपासून या बाईच्या बापाले बोल बसून राह्यले. तवा तुमी इथंच व्हते ना? आयकत?"

पाहुण्यांनी चहाला हात लावला नाही. "कळवतो," म्हणून ते उठले.

गाडी फाट्याकडे वळली आणि मारोतराव तिच्या अंगावर धावून आले. "पोराची सोयरीक मोडली तुनं! तोंड फाडाले तुले आजच सापडलं?"

"तुमी माह्या बापाले दुनियेसमोर चोर म्हणत गेले. मी एकदा खरं बोलली."

"उचल! तुह्या माह्यरचं हे धूड माह्या बैठकीतून उचल!"

अक्षय भिंतीजवळून पुढे आला आणि स्क्रीनला हात घालू लागला. तिने त्याचा हात बाजूला केला. "राहू द्या. मघाशी तोंड उघडलं असतं त आता हात लावाची पाळी नसती आली." आधी स्क्रीन आणि मग संगणकाचा डबा छातीशी धरून तिने स्वतः मागच्या खोलीत नेला. वाटेतून कोणी सरकलंही नाही.

मग तिने वडिलांना फोन केला. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"कायले बोलली बाई?" ते कळवळून म्हणाले. "आमी आयकून घेतलंच व्हतं. तुले तिथंच रायचं हाय ना."

"तुमी आयकून घेतलं, म्हणूनच थे बोलत गेले," ती म्हणाली आणि फोन कापला. त्या दिवसातलं हेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

पंजाबरावांचा नकार आला. मारोतराव तिच्या हातचं पाणी घेईनात; सासू तेवढी दोघांमध्ये ताटं नेऊ-आणू लागली. क्लासच्या सरांनी काम पुन्हा द्यायला सुरुवात केली. मागच्या खोलीत ती दार लावून टाइप करायची, आणि पुढे टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढायचा.

होळीच्या आधी एका सकाळी अमर त्या दाराशी आला. कुठल्याशा भरतीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपत आली होती. "वहिनी, पाच मिनिटं द्या ना."

"राळेगावच्या दुकानात जा," निशिगंधा मान वर न करता म्हणाली. "ओयख हाय ना तुमची."

तो थोडा वेळ उंबरठ्यावर घुटमळला. मग एसटी पकडायला निघाला. तिने उठून दार लावून घेतलं.