तुळशीरामचं नाक

नवशाने पाच लिटरचा कॅन तुळशीरामच्या नाकाखाली धरला. "दाजी, वास घ्या नि सांगा, पिवाचा हाय का न्हाय."

भिवंडीत मोहिउद्दीनशेठच्या यार्डात केमिकलचे रिकामे ड्रम धुऊन पाण्यासाठी विकत. बऱ्याच ड्रमांची लेबलं निघालेली असत. तेव्हा तुळशीरामने बूच काढायचं, हुंगायचं आणि खडूने खूण करायची. स्पिरिट एकीकडे, अ‍ॅसिड दुसरीकडे; धुणं त्या खुणेप्रमाणे. त्याचा मेव्हणा नवशा तिथेच ड्रम उतरवायचा. नवशाच्या मुलीची हळद दोन दिवसांवर आली होती, म्हणून पठ्ठ्याने ड्रमांच्या तळचं स्पिरिट गोळा केलं होतं.

शेठची पुतणी अलिजा कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. पिण्याचं आणि विषारी, दोन्ही स्पिरिटांच्या शेपटाला ओएच नावाचा तोच अणूंचा तुकडा असतो, म्हणून दोघांनाही अल्कोहोलच म्हणतात, असं तिने एकदा सांगितलं होतं. पण एकाने झिंग येते, दुसऱ्याने डोळे जातात, जीवही जातो, आणि नाकाला फरक कळत नाही. तुळशीराम हसला होता. एवढीशी पोर आपल्या नाकाला काय शिकवणार!

ते नाकच पुढे एका तापात गेलं, त्यालाही वर्ष झालं. सांगितलं तर काम जाणार. मग ड्रमचा रंग बघून, टेम्पो कुठल्या गोदामाचा ते बघून तो खुणा करत राहिला. आधी भीती वाटायची, नंतर तीही वाटेना. आत सगळं बधिर झालं होतं.

आता नुसती मान हलवायची होती. नवशाच्या मांडवात अर्धं गाव पिणार होतं. नको म्हटलं असतं, तर त्याने दुसऱ्या ड्रमचं आणलं असतं.

"मना वास येत न्हाय, नवशा," तो म्हणाला. "कसलाच. वरीस झाला."

शेठ मागेच उभे होते. नवशाला आधी वाटलं, दाजी टाळतोय. मग त्याने तुळशीरामच्या तोंडाकडे पाहिलं आणि कॅन चिखलात उपडा केला. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी तुळशीरामच्या हातातला खडू काढून घेतला आणि विकलेले ड्रम परत मागवायला एकेकाला फोन लावू लागले.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला, कमळला, सगळं सांगितलं. पूर्वी भात जरासा लागला तरी ताट सरकवणारा हा माणूस वर्षभर मुकाट जेवत होता. कमळ त्याचं कौतुक आळीभर सांगायची.

"म्हंजे करपलेला तुम्हाला कळतच नव्हता?" ती म्हणाली. "मना वाटला, मायेनं खाता."

कमळने भाताचा टोप उचलला, नाकाशी नेऊन हुंगला, आणि मग त्याला वाढला.