झुंबरवाल्या खुराड्याची कैफियत

मी खुराडं बोलतोय. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला पाहून कुणाला ते ओळखता आलं नसतं. कुरियरवाला एकदा माझीच बेल वाजवून उभा राहिला होता.

जन्मलो तेव्हा मी बरा होतो. चार फळ्या, जाळी, आत बसायला जाड काठी, खाली भुसा. सुतार हात झटकत म्हणाला, "झालं बाई, सोडा कोंबड्या." पण माझी मालकीण होती घरातली थोरली जाऊ. तिनं कुंपणापलीकडे पाहिलं. तिथं धाकट्या जावेचं खुराडं उभं होतं, आणि त्याला कौलं होती.

दोघींच्या घरांचं परसू एक, मधे फक्त कुंपण. बोलणं मात्र बंद. कुठल्याशा लग्नातल्या फोटोत धाकटीचा अर्धा चेहरा कापला गेला होता, एवढ्यावरून. तोंडानं बोलायचं नाही म्हटल्यावर दोघी आमच्यामार्फत बोलू लागल्या. तिकडे कौलं, तर मला गच्ची. तिकडे कुंड्या, तर मला फुलाफुलांचे पडदे. तिकडे आरसा लागला. मला आरसा आणि वर झुंबर! जाड काठी जाऊन पॉलिश केलेला दांडा आला. कोंबड्या त्यावर चढायच्या आणि घसरून खाली यायच्या.

"वा! कोंबड्यांचा राजवाडाच!" असं नातेवाइकांच्या ग्रुपवर लोक लिहायचे. फोटोतली अंडी दुकानातली असायची. खरी कुठून येणार? आमची तांबडी कोंबडी दिवसभर आरशातल्या कोंबडीशी भांडत बसायची. ती भांडण कुणाकडून शिकली, ते मी सांगत नाही.

एका संध्याकाळी दाणे घेऊन थोरली आली, तर मी रिकामा. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खरंच घाबरली हो ती. मग चिडली. कुंपणाशी जाऊन ओरडली, "माझ्या कोंबड्या मुकाट्यानं परत कर!"

कित्येक वर्षांनी जावेशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माझ्याच नाहीत जागेवर!" धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच..."

दोघींनी मिळून परसू पालथं घातलं. शेवटी मागच्या भिंतीशी, आडवी पडलेली फुटकी पाण्याची टाकी होती, तिच्यात दोन्ही घरच्या कोंबड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या सापडल्या. आत अंधार, वाळका पाला आणि घाण. तांबडी अंड्यांवर बसली होती, आणि अंडी तिची एकटीची नव्हती हे उघड होतं.

"पांढरी अंडी आमची," धाकटी म्हणाली.

"हात लावू नकोस, ती उठली तर सगळीच जातील."

थोरलीचा नवरा खिडकीतून म्हणाला, "मग बसा दोघीही अंड्यांवर!"

दोघी बसल्या खऱ्या, टाकीसमोर, दोन पालथ्या बादल्यांवर. एकमेकींवर नजर ठेवायला. रोज. कंटाळा आला तसं बोलणं निघालं.

"त्या फोटोत मला कापलंत तुम्ही," धाकटी एकदा म्हणालीच.

"मी? अगं, फोटोवाल्यानं कापलं. मी तर तुझा दंड धरून तुला आत ओढत होते. नीट बघ, माझा हात दिसेल."

धाकटीनं मोबाइल काढला. फोटो मोठा केला. तिच्या दंडावर खरंच थोरलीची बोटं होती. मग म्हणाली, "चहा टाकते."

पिल्लं निघाली तेव्हा दोघी गळ्यात पडून रडल्या. मलाही भरून आलं. वाटलं, चला, सुटलो.

आणि मग डोळे पुसत थोरली म्हणाली, "बिचारी इथं अंधारात गं. एखादा छोटासा पडदा लावू या का?"

"आणि झुंबर इथं छान दिसेल, ताई!"

आता दोन डोकी आणि एक टाकी! दुपारपर्यंत माझ्या अंगावर काही उरलं नाही. पडदे गेले, आरसा गेला, दांडा गेला. उरलो तो चार फळ्यांचा, जाळीचा, कोपऱ्यात कुबट भुशाचा.

टाकीत खिळा ठोकला गेला तशी तांबडी उठली. पिल्लांना मागे घेऊन परसू ओलांडून सरळ माझ्यात आली. भुसा उकरला, पंख पसरले, बसली. मागोमाग बाकीच्या.

जावांना अजून पत्ता नाही. टाकीला मोरपंखी रंग द्यायचा की गुलाबी, यावर त्यांचा आवाज चढलाय.

तेव्हा एक विनंती. इकडून गेलात तर माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करा. आणि "किती बाई ओकंबोकं दिसतंय हे!" असं म्हणणारं कुणी भेटलंच, तर त्यांना टाकीकडे पाठवा. इथं पिल्लं झोपली आहेत.