आठ पिशव्या हवा

टेबलावर आठ पिशव्या होत्या. पारदर्शक प्लास्टिकच्या, उशीएवढ्या फुगलेल्या, प्रत्येकीला एक नळी आणि नळीला टोपण. सहा पिशव्यांत यीस्टच्या कारखान्याच्या कुंपणाशी त्या सकाळी एकाच पंपाने भरलेली हवा होती. दोन पिशव्यांत आमच्या प्रयोगशाळेतली गाळलेली, कसलाही वास नसलेली हवा. पिशव्यांवर मी फक्त तीन आकडी क्रमांक लिहिले होते.

समोर आठ खुर्च्या होत्या. कारखान्यामागच्या गल्लीतली आठ माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. प्रत्येकाने प्रत्येक पिशवी हुंगून गुण द्यायचे होते. शून्य म्हणजे वास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. कारखान्याच्या हवेची सरासरी पाचाच्या वर गेली, तर धुराड्यावर गाळणी बसवल्याशिवाय कारखान्याला यीस्टची दुसरी टाकी चालू करता येणार नव्हती. पाच किंवा त्याहून कमी आली, तर लगेच परवानगी.

आठांपैकी एक चिठ्ठी माझ्या मावशीच्या नावाची निघाली होती. तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी धुराड्याच्या बरोबर समोर आहे आणि दोन वर्षं बंद आहे. आत काका दम्याने उशीला टेकून बसलेले असतात. ही माझी सख्खी मावशी आहे, हे मी वॉर्ड अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, गल्लीतला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा कुणीतरी असतोच, तुम्ही कामाला लागा.

चाचणी पालिकेच्या सभागृहात होती. मी आत पाऊल टाकलं तर फरशी नुकतीच सुगंधी फिनेलने पुसलेली. वासाची चाचणी आहे, हे कळल्यावर कुणीतरी आपुलकीने दुप्पट फिनेल ओतलं होतं. मी डोक्याला हात लावला, खिडक्या उघडल्या आणि साध्या पाण्याची बादली शोधायला निघाले. बादली तळघरात सापडली. तळघराची किल्ली तिसऱ्या मजल्यावर.

परत आले तेव्हा पिशव्यांवर रंगीत चिकटपट्ट्या होत्या.

टेबलापाशी दोघं हात झटकत उभी होती. एक कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी. गल्लीत त्यांना साखरतोंड्या म्हणतात. दुसऱ्या नगरसेविका, सगळ्यांच्या ताई. एरवी ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आज त्यांचं एकमत झालं होतं.

साखरतोंड्यांचं म्हणणं असं की नुसत्या क्रमांकांनी लोकांवर ताण येतो, म्हणून त्यांनी सौजन्याने पट्ट्या छापून आणल्या होत्या: ‘ताज्या यीस्टचा नैसर्गिक गंध’. ताईंनी ते पाहिलं आणि हरकत घेतली. मग वाद नको म्हणून त्यांनी पिशव्या वाटून घेतल्या. चार पिशव्यांवर नैसर्गिक गंध, उरलेल्या चारांवर ताईंच्या लाल पट्ट्या, मोठ्या अक्षरांत ‘कारखान्याचा विषारी वायू’. आत काय आहे याची दोघांनाही कल्पना नव्हती, त्यामुळे गाळलेल्या हवेची एक पिशवी नैसर्गिक झाली होती आणि दुसरी विषारी.

“अगदी निम्मे-निम्मे,” साखरतोंडे म्हणाले. “याहून निःपक्षपाती काय असणार?”

मी ताईंकडे वळले. विषारी म्हणजे कुठलं विष, आणि किती, असं विचारलं.

“बाळा,” ताई म्हणाल्या, “मी ‘त्रासदायक वास’ म्हटलं तेव्हा सभेला नऊ डोकी आली. ‘विषारी वायू’ म्हटल्यावर मैदान पुरलं नाही. मी काय लोकांना पदार्थविज्ञान शिकवायला निवडून आले का?”

“रसायन,” मी म्हणाले.

“तेच ते.”

मी एका पट्टीचं टोक नखाने उचललं. पिशवीचं प्लास्टिक ताणायला लागलं. आणखी ओढलं असतं तर फाटलंच असतं. वॉर्ड अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाले, दोन्ही पक्षांचं समाधान झालंय, सभागृह आजच मोकळं आहे, उगाच कीस पाडू नका. माझ्या वरिष्ठांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, सुरू कर, क्रमांक उजेडात मागून दिसतात ना. क्रमांक दिसत होते. प्रश्न क्रमांकांचा नव्हताच.

माणसं आली. पट्ट्या वाचून मग हुंगू लागली. शेवटच्या घरातले शिंपीकाका ‘नैसर्गिक गंध’ हुंगून म्हणाले, बेकरीची आठवण झाली, आणि दोन गुण दिले. त्यांच्याच पुढ्यात तीच हवा लाल पट्टीखाली आली, तेव्हा त्यांनी मान झटकन मागे घेतली. आठ.

मावशीने लाल पट्टीच्या एका पिशवीची नळी नाकाशी धरली, पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसले. “हाच तो. घशाला झोंबतो बघ.” नऊ गुण. ती गाळलेल्या हवेची पिशवी होती.

बेरीज सोपी होती. कारखान्याची हवा, नैसर्गिक पट्टीखाली: ३.१. तीच हवा, लाल पट्टीखाली: ८.३. दोन्ही मिळून सरासरी ५.७. म्हणजे मर्यादेच्या वर. ताईंनी माझी पाठ थोपटली. साखरतोंड्यांनी मात्र आपल्या चार पिशव्यांचे आकडे तेवढे उतरवून घेतले. अहवालात वासाऐवजी ‘गंध’ आणि तक्रारींऐवजी ‘अभिप्राय’ लिहावं, अशी नम्र सूचना करून ते गेले.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात छापून आलं की रहिवाशांना गंध रुचला. दुसऱ्यात आलं की गल्लीला विषाचा विळखा. दोन्ही बातम्यांत आकडे बरोबर होते.

अहवालावर माझी सही राहिली होती. मी मावशीकडे गेले. तिने खूश होऊन खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालून ठेवलं होतं. गाळणी बसली की उघडायची म्हणाली. काकांनी आतून विचारलं, आमच्या शास्त्रज्ञबाई आल्या का. मी हो म्हटलं आणि मावशीला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. गाळलेल्या हवेचंसुद्धा.

तिला ते पटेना. मी खोटं बोलतेय, पिशव्यांची अदलाबदल झालीय, पट्टीचा डिंक वास मारत होता, असं सगळं तिचं म्हणून झालं. मग ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

“म्हणजे वासच नव्हता, आणि मी नऊ दिले?”

“हो.”

“आणि गोड नावाच्या घाणीला?”

“तीन.”

“दोन वर्षं मी कोंडून घेतलंय ते काय वेड लागलं म्हणून?”

मी म्हणाले, तसं कुणीच म्हणत नाहीये. आकडा तुझ्या बाजूने लागलाय, मी सही केली की गाळणी बसेल. सही नाही केली तर चाचणी परत होईल, आणि परत पाचाच्या वरच येईल याची मी हमी देऊ शकत नाही.

“सही केलीस, तर उद्या साखरतोंड्या त्याच कागदावर बोट ठेवून विचारेल, काकू, साध्या हवेलासुद्धा नऊ? मग मी काय सांगू?” तिने फडकं पिळून वाळत टाकलं. “परत घे. आणि त्या दोघांना दाराबाहेर बसव.”

मी सही केली नाही. वॉर्ड अधिकाऱ्यांनी मला समजावलं, मग दटावलं, मग माझ्या वरिष्ठांशी बोलले. गंमत म्हणजे फेरचाचणीला सगळ्यात कडाडून विरोध त्या दोघांनी केला, तोही एकाच सुरात. ज्याला त्याला आपली निम्मी चाचणी पुरेशी वाटत होती. शेवटी सहीशिवाय कागद पुढे सरकेना, म्हणून तारीख मिळाली.

या वेळी फरशी मी स्वतः साध्या पाण्याने पुसली. पिशव्या त्याच कुंपणाशी, टाकी तितक्याच जोरात चालू असताना भरल्या. दाराबाहेरच्या बाकावर एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला साखरतोंडे. आत तीच आठ माणसं, आणि क्रमांकांशिवाय वाचायला काही नाही. पहिल्यांदाच सगळे डोळे मिटून हुंगत होते. मावशीने प्रत्येक पिशवीला दोनदा नाक लावलं.

मावशी: कारखान्याच्या सहाही पिशव्यांना ७, गाळलेल्या हवेच्या दोन्ही पिशव्यांना ०.

कारखान्याच्या हवेची आठ जणांची सरासरी: ४.८.