मी लाल बाजूला जाऊन आले होते

मी पळी बोलतेय. शनिवार होता, संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या अगदी समोरच होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. तेव्हा जे झालं ते माझ्याशिवाय कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पळीला कोण विचारायला येणार? म्हणून आपणहून सांगतेय.

माझा जन्म चीनमधल्या कारखान्यातला. पत्रा दाबला, मूठ बसवली, झाले मी तयार. तिथून जहाजानं सिंगापूरला आले आणि हौगांगमधल्या एका हॉटपॉटच्या हॉटेलात कामाला लागले. साल असेल दोन हजार सोळा.

आमच्या हॉटेलात रांधलेलं काही मिळत नाही. टेबलाच्या मधोमध शेगडी आणि तिच्यावर मोठं पातेलं. पातेल्याच्या पोटात एक आडवी भिंत. एकीकडे लालभडक तिखट रस्सा, दुसरीकडे पांढरं साधं सूप. कच्चं सामान ताटात येतं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं शिजवून खायचं. लाल मुठीचा झारा लाल बाजूचा. मी पांढऱ्या मुठीची, पांढऱ्या बाजूची. हा आमचा नियम, पण तो गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. माणसं एकदा गप्पांत रंगली की हात कुठे जातो ते त्यांचं त्यांना कळत नाही.

त्या दिवशी गुहागरकडची मंडळी आली. दर्शन जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर. त्याची बायको गिरिजा महिन्याभरासाठी त्याच्याकडे आली होती, कडेवर अडीच वर्षांची अवनी. त्यांना जेवायला घेऊन आले होते शैलेंद्रदादा आणि नीतावहिनी. दर्शनला ही नोकरी दादांनीच लावून दिलेली.

"आपल्याकडे हॉटपॉटात चपात्या ठेवतात," दादा म्हणाले, "इथे अख्खा समुद्र ठेवतात. बघ आता."

सगळे हसले. गिरिजा हसली नाही. तिचं लक्ष ताटातल्या कोळंबीवर होतं.

वाढणारी चिनी आंटी आली तेव्हा गिरिजानं पाठ करून ठेवलेलं बोलून दाखवलं, "नो प्रॉन. बेबी सिक."

"कॅन, कॅन," आंटी म्हणाली, म्हणजे होईल, होईल. पांढऱ्या बाजूवर बोट ठेवून म्हणाली, "धिस साइड नो प्रॉन." आणि मला त्या बाजूत उभं केलं.

"कोकणातलं पोर आणि कोळंबी चालत नाही?" दादा म्हणाले. "दर्शन, नक्की तुझंच ना रे?"

"अहो, काहीतरीच काय," वहिनी म्हणाल्या. "गिरिजा, थोडं थोडं दिलं की सवय होते गं पोरांना."

"नाही हो वहिनी. गेल्या वर्षी चुलीपाशी खेळता खेळता तिनं एक तुकडा तोंडात घातला होता. ओठ असे सुजले, श्वास घेता येईना. चिपळूणला नेईपर्यंत माझ्या मांडीवर निळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, रसाचा थेंबसुद्धा नको."

"आई म्हणत होती वारं लागलं म्हणून," दर्शन हळूच म्हणाला. तो तेव्हा इथे होता. पोरीला त्यानं पाहिलं ते फोनवर, दुसऱ्या दिवशी, हसताना.

मग गिरिजा अवनीचे हात धुवायला तिला घेऊन गेली. तेवढ्यात लाल बाजूची कोळंबी शिजली. झारा दादांच्या ताटाआड गेला होता. वहिनी दर्शनला यार्डातल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी मला उचललं, लाल रश्श्यात बुडवलं, कोळंबी काढून दादांच्या आणि दर्शनच्या वाट्यांत घातली आणि मला परत पांढऱ्या सुपात ठेवून दिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गोष्ट मात्र एकदाही तुटली नाही.

माझ्या अंगावरचा रस सुपात उतरला. वर थोडा तवंग आला, उकळी आली आणि तो मोडला. एक बारीक लाल थेंब तेवढा कडेला फिरत राहिला.

गिरिजा येऊन बसली आणि तिनं तो पाहिला.

"ही पळी तिकडे गेली होती का?"

"नाही गं," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "मी झाऱ्यानंच वाढलं."

"उकळताना उडतं गं थोडं," दादा म्हणाले. "भिंत ती केवढी!"

"उडालं तरी नकोच."

दर्शनचे कान लाल झाले. "पुरे आता," तो म्हणाला. "दादा एवढं प्रेमानं घेऊन आलेत." त्यानं मलाच उचललं, वाटीत सूप आणि शेवया घेतल्या, चमचा भरून फुंकर घातली. "ये गं अवू, एक घास बाबाचा."

अवनीनं आ केला. भूक लागली होती तिला.

मला ओरडायचं होतं. पळीला आवाज असतो तो फक्त भांड्यावर आपटल्यावर.

गिरिजानं लेकीच्या तोंडावर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं दर्शनचा चमचा उडवला. वाटी कलंडली. गरम सूप गिरिजाच्या मनगटावर आणि दर्शनच्या नव्या शर्टावर सांडलं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

"हिला पोलिसात भरती कर बाबा," दादा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

अवनीनं त्या रात्री पिशवीतली बिस्किटं खाल्ली. दर्शन शर्ट पुसत राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "दादांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

गिरिजा भाजलेल्या मनगटावर पदर धरून बसली होती. "वहिनी, माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "मला सगळीकडे तेच दिसतं. पुढच्या वेळी नाही अशी करणार."

पुढच्या वेळी. माझं काळीज तिथे हललं. पोरीला काही झालं नाही, म्हणून आई खोटी ठरली. झालं असतं तर खरी ठरली असती. आता पुढच्या वेळी तिचा हात घाबरून मागे राहिला तर?

ते हॉटेल नंतर बंद पडलं. माझी मूठ तडकली आहे. आता मी एका खानावळीच्या मागच्या बाजूला, मोरीत अडकलेला भात काढायच्या कामाला आहे. त्याचं दुःख नाही. एक निरोप मात्र माझ्यापाशी अडकून पडलाय.

तुमच्यापैकी कुणी गुहागरकडे जाणारं असेल, किंवा यार्डात कुणाच्या ओळखीचा दर्शन फिटर असेल, तर त्याच्या घरी एवढं सांगा. गिरिजाला सांगा, आणि दर्शन समोर असताना सांगा: पळी लाल बाजूला जाऊन आली होती. बाई, तुझं बरोबर होतं. पुढच्या वेळीही हात आडवा घाल. तुम्हाला ती भेटली नाही, तर भेटेल त्याला सांगा. तो पुढे सांगेल.